डेंग्यूच्या साथीचं गणिती मॉडेल: एक वस्ती, एक शीट आणि डासाचे दहा दिवस

साथींच्या गणितात मुंबईचा एक आलेख जगभर छापला जातो. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या एडिंबरोच्या दोन संशोधकांनी साथ कशी चढते आणि कशी उतरते याची समीकरणं मांडली आणि ती तपासायला मुंबई बेटावरच्या प्लेगचे आकडे घेतले. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले ते आठवड्याचे मृत्यू होते. त्यांच्या सूत्रानुसार साथीचा कळस सतराव्या आठवड्यात येतो आणि त्या आठवड्यात ८९० मृत्यू होतात. प्रत्यक्षातले ठिपके या वक्ररेषेच्या अगदी लगत बसतात.

आलेख प्रसिद्ध झाला, त्याच्या शेजारचा परिच्छेद मात्र मागे पडला. त्यात त्यांनी आपली गृहीतकं ओळीने लिहिली होती. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखीच आहे, पिसवा इतक्या भरपूर आहेत की रोग जणू थेट स्पर्शाने पसरतो, अशी ती होती. यातलं एकही पुरतं खरं नाही, त्यामुळे या सूत्रातल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका, असंही त्यांनी स्वतःच बजावलं होतं. मुंबईत त्या काळी प्लेग दरवर्षी ठरावीक मोसमात चढायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर ओसरायचा. म्हणजे १९०६ मधली उतरण हवामान आणि पिसवा यांच्यामुळेही असू शकते. लागण होण्याजोगे उंदीर संपले म्हणूनच साथ उतरली, असं त्या आलेखावरून म्हणता येत नाही.

कीटकांमुळे पसरणाऱ्या रोगाचं मॉडेल करायला बसणाऱ्याने हे आधी मनात पक्कं करावं. रेषा जुळली म्हणजे रोग कळला असं होत नाही. मॉडेलचा खरा उपयोग असतो तो कुठली कळ दाबली की काय हलतं हे पाहण्यासाठी. या लेखात आपण डेंग्यूचं मॉडेल पायरीपायरीने उभं करू. गूगल शीट्स किंवा एक्सेल आणि दहावीपर्यंतचं गणित एवढ्यावर काम भागतं.

पायरी १: रोग आणि वस्ती नक्की करा

"मुंबईतले पावसाळी आजार" असं एकत्र मॉडेल होत नाही. डेंग्यू आणि चिकनगुनिया एडिस इजिप्ती डासामुळे पसरतात, मुंबईतला मलेरिया मुख्यतः अॅनोफेलिस स्टिफेन्सीमुळे, आणि लेप्टोस्पायरोसिस तर कीटकामुळे पसरतच नाही. तो उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो. या सगळ्यांचे आकडे एकाच तक्त्यात दिसतात म्हणून सगळ्यांना एकच समीकरण लावू नका.

जागा लहान घ्या. एडिस फार लांब उडत नाही, बहुतेक डास जन्मल्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरमध्येच आयुष्य काढतात. त्यामुळे अख्खं शहर किंवा अख्खा वॉर्ड एकजीव धरण्यापेक्षा चाळींचा एखादा समूह, एखादी कोळीवाड्यासारखी दाट वस्ती धरणं जास्त खरं ठरतं. आपण १०,००० माणसांची काल्पनिक वस्ती घेऊ. पुढचे आकडेही समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या वस्तीत मोजलेले नाहीत.

मग अशाच एखाद्या खऱ्या वस्तीत जा आणि पाणी कुठे साठतं ते बघा. ही पायरी गाळू नका. चाळीच्या गॅलरीत मोरीशेजारी निळं पिंप असतं, वर लाकडी फळी किंवा अर्धवट बसणारं झाकण. टॉर्चचा झोत तिरका टाकला की पाण्यात आकडीसारख्या वळवळत खाली जाणाऱ्या अळ्या दिसतात. अंडी मात्र पाण्यात नसतात. मादी ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवते. काळे, बारीक ठिपके. ती कोरडी राहूनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की उबतात. म्हणून पिंप नुसतं ओतून रिकामं करणं पुरत नाही, आतून काथ्याने घासावं लागतं. पावसाआधी छपरावर निळी ताडपत्री घालतात, ती उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवतात. त्या टायरांत आणि ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचतं. एसीखालची ताटली, कुंड्यांखालच्या बशा, बांधकामावरचं पाणी, शहाळ्याच्या करवंट्या अशी यादी वाढतच जाते. पिंप एप्रिल-मेमध्येही भरलेलं असतं, उलट पाणीकपात असली की जास्तच. तेव्हा मॉडेलमधल्या डासांची संख्या फक्त पावसाला बांधू नका.

पायरी २: एका रुग्णापासून किती रुग्ण, हे हाताने काढा

शीट उघडण्याआधी हे गणित कागदावर झालं पाहिजे. करोनाच्या दिवसांत "आर-नॉट" सगळ्यांच्या कानावर पडला. सगळेच लोक लागण होण्याजोगे असताना एका रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण होतात, तो हा आकडा. डासांच्या रोगात मधे डास आल्याने तो दोन टप्प्यांत निघतो.

आपली गृहीतकं अशी. दर माणसामागे २ प्रौढ माद्या. नर चावत नाहीत, ते मोजायचे नाहीत. एक मादी दिवसाला सरासरी ०.४ वेळा माणसाला चावते, म्हणजे अडीच दिवसांत एकदा. रुग्णाला चावल्यावर मादीला लागण होण्याची शक्यता निम्मी, आणि बाधक (म्हणजे लागण देऊ शकणारी) मादी चावल्यावर माणसाला लागण होण्याची शक्यताही निम्मी. माणूस डासांना लागण देऊ शकतो ते दिवस ५. विषाणू डासाच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोचायला लागणारे दिवस १०. डास आजचा उद्या जिवंत असण्याची शक्यता ०.९.

आता मोजू. एका माणसाला दिवसाला २ × ०.४ = ०.८ चावे बसतात, ५ दिवसांत ४. त्यातल्या निम्म्या चाव्यांत डासाला लागण होते, म्हणजे २ डास. हे दोन्ही डास लगेच धोकादायक नसतात. त्यांना १० दिवस जगायचंय, आणि ०.९ स्वतःशी दहा वेळा गुणला की ०.३४९ येतात. २ पैकी उरले सुमारे ०.७. जो उरला तो सरासरी आणखी १० दिवस जगतो (रोज दहात एक मरतो म्हणून), त्यात ४ वेळा चावतो आणि २ माणसांना लागण देतो. ०.७ × २ = १.४.

आर-नॉट १.४. एकच्या वर आहे, म्हणजे साथ पसरेल.

याच मुळाशी रोनाल्ड रॉस यांचं काम आहे. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. पुढे त्यांनी गणिताने दाखवलं की मलेरिया थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली की रोग आपोआप विझत जातो. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी त्यात डासाच्या आयुष्याचा हिशोब नीट बसवला, म्हणून या पद्धतीला रॉस-मॅकडोनाल्ड मॉडेल म्हणतात.

आता एकेक कळ निम्मी करून बघा.

डास निम्मे झाले, म्हणजे माणसामागे २ ऐवजी १: आर-नॉट ०.७. सरळ निम्मा.

चावे निम्मे झाले, म्हणजे ०.४ ऐवजी ०.२: आर-नॉट ०.३५. चावा साखळीत दोनदा येतो, एकदा विषाणू घेताना आणि एकदा देताना, म्हणून परिणाम वर्गाने होतो. खिडकीला जाळी, दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तापाच्या रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवणं यांची किंमत इथे दिसते. यातला शेवटचा उपाय लोकांना विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे मच्छरदाणी रात्रीची. पण एडिस दिवसा चावतो आणि रुग्णापासून डासाला लागण होऊ न देणं हा साखळी तोडायचा एक स्वस्त मार्ग आहे.

डासाचं रोजचं जगणं ०.९ वरून ०.८ वर आलं: दहा दिवस तगण्याची शक्यता ०.१०७ वर येते, पुढचं आयुष्य १० ऐवजी ५ दिवस, आणि आर-नॉट सुमारे ०.२. इतका लहान बदल आणि इतका मोठा परिणाम, कारण जगण्याची शक्यता दहा वेळा गुणली जाते. म्हातारा डासच धोकादायक असतो. तरुण डास कितीही चावला तरी विषाणू अजून त्याच्या लाळेत पोचलेला नसतो.

पायरी ३: तापमान आत घ्या

वर धरलेले १० दिवस कायम नसतात. विषाणू डासाच्या शरीरात किती वेगाने वाढतो हे तापमानावर अवलंबून असतं. २५ अंशांना साधारण १५ दिवस लागतात, ३० अंशांना साधारण साडेसहा. बाकी काहीही न बदलता हे दोन आकडे वरच्या हिशोबात घाला. पंधरा दिवस तगण्याची शक्यता ०.२०६, म्हणून आर-नॉट ०.८. साडेसहा दिवसांची ०.५०४, म्हणून आर-नॉट २. तीच वस्ती, तेवढेच डास, तेवढेच चावे. जानेवारीतल्या मुंबईत साथ विझते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, अजून पाणी साचलेलं असताना, ती भडकते.

पायरी ४: शीट उभी करा

प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस. वर दहा ओळी शून्याच्या सोडा, कारण सूत्रं मागच्या दहा दिवसांकडे बघणार आहेत. त्या न सोडल्याने पहिल्याच प्रयत्नात शीटवर चुकांच्या खुणा भरतात.

माणसांचे तीन स्तंभ:

लागण होण्याजोगे = कालचे लागण होण्याजोगे − कालचे नवे रुग्ण.

आजचे नवे रुग्ण = ०.४ × ०.५ × आजचे बाधक डास × लागण होण्याजोगे ÷ १०,०००.

आजचे बाधक रुग्ण = ६ ते १० दिवसांपूर्वी लागण झालेल्यांची बेरीज.

तिसऱ्या सूत्राने दोन गोष्टी एकदम साधतात. लागण झाल्यावर पहिले सहा दिवस माणूस डासांना काही देत नाही, मग पाच दिवस देतो, मग बरा होतो. वेगळे स्तंभ करावे लागत नाहीत.

डासांच्या बाजूला आधी दोन मोकळे स्तंभ ठेवा: "त्या दिवशी जगण्याचा दर" आणि "त्या दिवशी जन्मलेल्या माद्या". सुरुवातीला सगळीकडे ०.९ आणि २,००० भरा. एकूण २०,००० डासांपैकी रोज २,००० मरतात आणि २,००० जन्मतात, म्हणजे संख्या स्थिर. हे आकडे सूत्रात कोंबून टाकू नका. पुढचे सगळे प्रयोग याच दोन स्तंभांत करायचे आहेत.

निरोगी डास = (कालचे निरोगी − काल लागण झालेले) × जगण्याचा दर + जन्मलेल्या माद्या.

आज लागण झालेले डास = ०.४ × ०.५ × निरोगी डास × बाधक रुग्ण ÷ १०,०००.

त्यानंतर नऊ स्तंभ, "लागण होऊन १ दिवस" पासून "९ दिवस" पर्यंत. प्रत्येक चौकटीत एकच सूत्र: वरच्या ओळीतला, एक घर डावीकडचा आकडा × जगण्याचा दर. डास रोज एक घर उजवीकडे सरकतात आणि वाटेत दहात एक गळतो.

बाधक डास = (कालचे बाधक + काल नवव्या घरात असलेले) × जगण्याचा दर.

नऊ स्तंभांचा हा पसारा कशाला, असं वाटेल. पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा सोपी वाट घेतलेली असते. लागण झालेल्या डासांपैकी रोज एक दशांश बाधक होतात असं धरलं की एका स्तंभात काम होतं. पण त्या वाटेने काही डास दुसऱ्याच दिवशी बाधक होतात, जे कधीच घडत नाही. त्यामुळे बाधक होईपर्यंत जगणाऱ्या डासांचं प्रमाण ३५ टक्क्यांऐवजी ५० टक्क्यांच्या आसपास जातं आणि आर-नॉट १.४ ऐवजी २ कडे झुकतो. डासांच्या रोगात उशीर हाच गाभा आहे, तो पुसट करू नका.

शेवटी पहिल्या दिवशी "नवे रुग्ण" मध्ये हाताने ५ लिहा, लागण होण्याजोगे १०,००० आणि निरोगी डास २०,००० ठेवा आणि सूत्रं ३०० ओळींपर्यंत ओढा.

पायरी ५: शीटवर विश्वास ठेवण्याआधी

निरोगी, नऊ घरांतले आणि बाधक डास मिळून रोज २०,००० भरले पाहिजेत. चाव्याचा दर शून्य केला की पाचांपुढे एकही रुग्ण वाढता कामा नये. आणि सर्वात महत्त्वाची तपासणी: बाधक रुग्णांच्या सूत्रात फक्त सुरुवातीचे पाच धरा, नंतरचे सोडून द्या. या पाचांपासून थेट झालेले सगळे रुग्ण बेरजेला ७ च्या आसपास यायला हवेत, कारण ५ × १.४ = ७. आले नाहीत तर कुठेतरी एक दिवस पुढे-मागे झाला आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता पूर्ण शीट चालवा. वाढ तुम्हाला वाटली होती त्यापेक्षा संथ दिसेल. एका रुग्णाच्या लागणीपासून पुढच्या रुग्णाच्या लागणीपर्यंत या आकड्यांनुसार जवळपास चार आठवडे जातात. साथ अशी दबक्या पावलांनी येते. जून-जुलैत जे पेरलं जातं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुग्णालयात दिसतं, आणि तोवर साखळीच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. रुग्ण वाढल्यावर जाग येणारी यंत्रणा म्हणूनच कायम मागे राहते.

पायरी ६: धूरफवारणी की कोरडा दिवस

रुग्ण सापडला की लोक धूरफवारणीची मागणी करतात. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी झालं असं वाटतं. मॉडेलला विचारून बघू.

धरून चाला की एका फवारणीत निम्मे डास मरतात. हे उदार गृहीतक आहे, कारण एडिस पडद्यामागे, पलंगाखाली, कपड्यांच्या कपाटात बसतो आणि रस्त्यावरचा धूर तिथवर क्वचितच पोचतो. त्या एका दिवशी डासांच्या प्रत्येक स्तंभाला जास्तीच्या ०.५ ने गुणा. २०,००० चे १०,००० झाले. पण पिंपांतून रोज २,००० नव्या माद्या निघतच आहेत. सात दिवसांनी संख्या सुमारे १५,२०० आणि चौदा दिवसांनी सुमारे १७,७००. त्या दिवशीचे बाधक डास निम्मे झाले हा फायदा खरा आहे, त्याने साथ काही काळ मागे ढकलली जाते. आर-नॉट मात्र हळूहळू परत १.४ वर येतो.

आता फवारणी काढा आणि दर आठवड्याला कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी घासायचा एक दिवस, पाळून जन्म निम्मे झाले असं धरा, म्हणजे २,००० च्या जागी १,०००. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. सात दिवसांनी सुमारे १४,८००, चौदा दिवसांनी सुमारे १२,३००, महिन्याभरात १०,४०० च्या आसपास. संख्या तिथेच राहते आणि आर-नॉट ०.७ होतो. आठवड्याला एकदाच का, तर अळीचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्या आत पाणी ओतलं तर पिढी पुरी होत नाही.

तिसरा प्रयोग मला सर्वात बोलका वाटतो. दोन्ही एकाच दिवशी करा. फवारणीने संख्या १०,००० वर येते, आणि रोज १,००० मरतात तेव्हा १,००० च जन्मतात. ती १०,००० वरच थांबते. फवारणीने आणलेली घसरण पिंपांच्या सफाईने धरून ठेवली. फवारणी वाया जाते ती पाणी तसंच राहिल्यामुळे.

इथे शीटची एक मर्यादा नोंदवून ठेवा. पिंपातल्या निम्म्या अळ्या मेल्या तर उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं आणि त्या जास्त संख्येने तगतात. त्यामुळे अळ्या निम्म्या म्हणजे डास निम्मे, असं सरळ होत नाही. भांडंच नाहीसं केलं तर ही अडचण येत नाही. म्हणून औषध टाकण्यापेक्षा टायर हलवणं, पिंपाला घट्ट झाकण आणि टाकीला जाळी बसवणं यांना मॉडेलमध्येही वरचं स्थान द्यावं लागतं.

पायरी ७: खरे आकडे जोडताना

महापालिकेचं सार्वजनिक आरोग्य खातं पावसाळी आजारांचे आकडे जाहीर करतं. ते हातात आले की लगेच रेषा जुळवायचा मोह होतो. आधी तारखांचा अर्थ लावा. ताप आल्याची तारीख, चाचणीची तारीख आणि नोंदीची तारीख यांत अनेक दिवसांचं अंतर असतं, आणि मॉडेलला हवी असते लागणीची तारीख, जी यापैकी एकही नाही. शक्य असेल तर ताप आल्याच्या तारखेवरून आठवड्याचे गठ्ठे करा. रोजचे आकडे घेतले तर रविवारच्या बंद प्रयोगशाळांमुळे खोटे खड्डे दिसतात.

मग नोंदीचं प्रमाण. डेंग्यूची लागण झालेल्या दर चौघांपैकी साधारण तिघांना जाणवण्याजोगा त्रासच होत नाही. उरलेल्यांतले कित्येक गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन गोळ्या घेतात, चाचणी करत नाहीत. म्हणून शीटमधले नवे रुग्ण × नोंदीचं प्रमाण = जाहीर आकडा. हे प्रमाण तुम्हाला माहीत नसतं, आणि माणसामागे डास किती हेही माहीत नसतं. आणखी एक अज्ञात: वस्तीतले किती जण आधीच सुरक्षित आहेत. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देते, इतर तिघांपासून थोडाच काळ. आपल्या वस्तीतले ३० टक्के लोक चालू प्रकारापासून सुरक्षित असतील तर १.४ × ०.७ = ०.९८, म्हणजे तेच डास असूनही साथ उभीच राहत नाही.

तीन अज्ञात आणि एकच रेषा. डास जास्त, नोंद कमी. किंवा डास कमी, नोंद जास्त आणि सुरक्षित लोक थोडे. दोन्ही जोड्या जाहीर आकड्यांवर सारख्याच छान बसू शकतात. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी ज्याबद्दल सावध केलं होतं ते हेच. यावर उपाय दोन. एक, जेवढं स्वतंत्रपणे मोजता येईल तेवढं मोजा: शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, किती भांड्यांत सापडल्या. डासांच्या आकड्याला त्याने थोडा तरी आधार मिळतो. दोन, एकच उत्तर देऊ नका. आकड्यांशी जुळणाऱ्या सगळ्या जोड्या ठेवा आणि प्रत्येकीत कोरडा दिवस, जाळ्या आणि फवारणी चालवून बघा. किती रुग्ण होतील यावर जोड्या भांडतील. पण कुठला उपाय आधी करावा यावर बहुतेक जोड्या सहमत झाल्या, तर ते उत्तर वॉर्डातल्या बैठकीत छातीठोकपणे मांडता येतं.

ऑगस्टअखेरपर्यंतचे आकडे जुळवायला वापरा, सप्टेंबरचे झाकून ठेवा आणि मॉडेल ते ओळखतं का बघा. सगळे आकडे एकदमच वापरले तर परीक्षेला काही उरत नाही.

पायरी ८: लोकल धरा

एडिस सकाळी आणि दुपार कलल्यावर जोरात चावतो. त्या वेळी मुंबईकर घरी नसतो. नालासोपाऱ्यात राहणारी बाई लोअर परळच्या कार्यालयात चावली जाते, आणि रुग्ण म्हणून नोंद होते घरच्या पत्त्यावर. पत्त्यांचा नकाशा बघून फवारणी केली तर डास भलतीकडेच राहतात. यासाठी शीटच्या दोन प्रती करा, एक घराची वस्ती आणि एक कामाची जागा, प्रत्येकीचे डास वेगळे. मग नवे रुग्ण काढताना चाव्यांची वाटणी करा: दिवसाचे, समजा, ६० टक्के चावे कामाच्या जागी आणि ४० टक्के घरी. बाधक रुग्णांकडून डासांना होणारी लागणही त्याच प्रमाणात वाटा. ताप आलेला माणूस घरी झोपून राहतो, म्हणून बाधक दिवसांतले शेवटचे दोन-तीन पूर्ण घराकडे टाका. इतकं केलं की एखाद्या शाळेतली किंवा बांधकामावरची भरलेली टाकी लांबच्या चार वस्त्यांत रुग्ण कशी पेरते ते दिसतं.

मलेरियासाठी बदलायचं काय

साचा तोच, आकडे आणि दोन गोष्टी वेगळ्या. मलेरियाचे अभ्यासक बेंटली यांच्या मुंबईवरच्या १९११ च्या अहवालात स्टिफेन्सी डास शहरातल्या विहिरींत सापडल्याची नोंद आहे. आज त्याची जागा इमारतीवरच्या उघड्या टाक्या आणि बांधकामावरचं पाणी आहे. तो रात्री चावतो, त्यामुळे लोकलची पायरी गाळली तरी चालते, पण बांधकामावरच झोपणारे मजूर वेगळा गट म्हणून धरावे लागतात. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे मलेरियाच्या परजीवीचे दोन प्रकार. ते डासात तयार व्हायला लागणारे दिवस ठरलेल्या सूत्राने निघतात: फाल्सिपेरमसाठी १११ ÷ (तापमान − १६), व्हायवॅक्ससाठी १०५ ÷ (तापमान − १४.५). २७ अंशांना पहिल्याला सुमारे १०.१ दिवस, दुसऱ्याला ८.४. दिवसांपेक्षा एक कमी इतकी घरं शीटमध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट व्हायवॅक्सची. त्याचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास न चावताही, ताप परत आणतो. म्हणून बरे झालेल्यांतून काही जण पुन्हा बाधकांत येतील असा एक स्तंभ जोडा. यकृतातला परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विन या औषधाचा पूर्ण डोस घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं की तो प्रवाह आटतो. व्हायवॅक्सच्या साध्या रूपासाठी हा डोस १४ दिवसांचा असतो आणि ताप गेल्यावर लोक तो मधेच सोडतात. डोस पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्के, ६० टक्के, ८० टक्के असं बदलून शीट तीनदा चालवा आणि पुढच्या मे-जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, वस्तीत किती बाधक माणसं उरतात ते तिन्ही वेळा शेजारी लिहून ठेवा.